मधुमेह, द्राक्षे आणि वाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच वेलीवरून आलेले हे पदार्थ शरीरात मात्र अगदी उलटे वागतात. द्राक्ष, बेदाणा आणि रस रक्तातली साखर वाढवतात, तीही तासाभराच्या आत. ड्राय वाइन, म्हणजे जिच्यात साखर जवळजवळ उरलेली नसते ती, साखर फारशी वाढवत नाही, पण काही तासांनी ती खाली ओढू शकते, आणि तेव्हा माणूस बहुधा झोपेत असतो. म्हणून द्राक्षांबाबत विचारायचा प्रश्न ‘किती?’ आणि वाइनबाबत ‘कधी, कशाबरोबर आणि कोणती औषधे चालू असताना?’ खालची उत्तरे प्रौढांसाठी आहेत. ती वाचून औषधाचा डोस स्वतःहून बदलू नका.

मधुमेह असताना द्राक्षे खाल्ली तर चालतात का?

चालतात, मोजून. १०० ग्रॅम द्राक्षांत साधारण १८ ग्रॅम कर्बोदके असतात. त्यातली १५-१६ ग्रॅम थेट साखर असते, जवळपास निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज. तंतू जेमतेम १ ग्रॅम. म्हणजे साखरेला अडवणारे फारसे काही नाही. तरीही द्राक्षांचा ग्लायसेमिक इंडेक्स (पदार्थ रक्तातली साखर किती वेगाने वाढवतो याचे माप) मध्यम किंवा त्याहून थोडा कमीच भरतो, कारण फ्रुक्टोज रक्तातले ग्लुकोज लगेच वाढवत नाही.

अडचण वेगळीच आहे. द्राक्षे सोलावी लागत नाहीत, कापावी लागत नाहीत, आणि घड समोर असला की हात थांबत नाही. एक सफरचंद संपले की कळते. द्राक्षे किती संपली ते घडाचा देठ दिसेपर्यंत कळत नाही.

२०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १,८७,३८२ लोकांच्या दीर्घकालीन नोंदींवरचा एक अभ्यास आला होता. त्यात आठवड्याला तीन वेळा द्राक्षे किंवा बेदाणे खाणे आणि टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता थोडी कमी असणे यांचा संबंध दिसला. फळांच्या रसाबाबत नेमके उलटे दिसले. मात्र हे लोक सुरुवातीला मधुमेह नसलेले होते, आणि संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही. ‘द्राक्षांनी मधुमेह बरा होतो’ असा त्याचा अर्थ काढू नये.

एका वेळी नेमकी किती?

१५ ग्रॅम कर्बोदके हा आहारतज्ज्ञांचा एक हिस्सा. द्राक्षांत तो साधारण ८५ ग्रॅममध्ये भरतो, म्हणजे १७ लहान द्राक्षे. ‘१७’ हा आकडा लहान, पाच ग्रॅमच्या मण्यांसाठी आहे. मोठ्या जातींचा एक मणी ८ ते १० ग्रॅमचाही असतो. तिथे ९-१० मण्यांतच हिस्सा संपतो. घरात वजनकाटा असेल तर एकदाच ८५ ग्रॅम मोजून ती एका ठरावीक वाटीत घाला आणि वाटी कुठपर्यंत भरते ते बघून ठेवा. पुढे रोज काटा लागत नाही.

घड ताटात घेऊन बसू नका. देठावरून काढून, धुऊन, वाटीत मोजून घ्या आणि उरलेली आत ठेवून द्या. काही जण मणी फ्रीझरमध्ये गोठवतात. साखर तेवढीच राहते, पण एकेक मणी चघळायला वेळ लागतो आणि दहा मण्यांत मन भरते. उपयोगी युक्ती आहे.

काळी, लाल की हिरवी? गोड की आंबट?

रंगाने साखरेत फारसा फरक पडत नाही. काळ्या-लाल सालीत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्ये जास्त असतात, ती चांगली, पण त्यापायी काळी दुप्पट खायची मुभा मिळत नाही. फरक पडतो तो पिकण्याने. वेलीवर जास्त दिवस राहिलेल्या घडात साखर जास्त आणि आम्ल कमी. आंबट लागणारे द्राक्ष मात्र नेहमी कमी साखरेचेच असते असे नाही. आम्ल जास्त असले की साखर जिभेला लपते.

द्राक्षे कधी खाल्लेली बरी?

नुसती, उपाशीपोटी खाल्ली तर साखर झपाट्याने चढते. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर खायची असतील तर त्या जेवणातला पिष्टमय पदार्थ तेवढा कमी करा. ‘वरून थोडी द्राक्षे’ हेच बहुतेकांचे गणित बिघडवते. मधल्या वेळी खायची असतील तर सोबत मूठभर बदाम-अक्रोड, चीजचा तुकडा किंवा साखर न घातलेले दही घ्या. स्निग्धांश आणि प्रथिने जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात, त्यामुळे चढ सौम्य होतो.

गरोदरपणातल्या मधुमेहात सकाळी इन्सुलिनला शरीर कमी दाद देते. तेव्हा न्याहारीला द्राक्षे टाळून दुपारनंतर अर्धा हिस्सा घेऊन बघणे शहाणपणाचे.

मला किती झेपतात हे घरी कसे तपासायचे?

ग्लुकोमीटरने. तक्त्यातल्या आकड्यांपेक्षा तुमचा स्वतःचा आकडा खरा.

एखादा साधा दिवस निवडा. आजारपण, जोरदार व्यायाम किंवा जागरण नको. खाण्याआधी साखर बघा. ८५ ग्रॅम द्राक्षे खा. पहिला मणी तोंडात टाकल्यापासून १ तासाने आणि २ तासांनी पुन्हा बघा. बहुतेक प्रौढांसाठी खाल्ल्यानंतरची साखर १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असावी असे धरतात. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे लक्ष्य दिले असेल तर तेच धरा. दुसऱ्या एखाद्या दिवशी हेच पुन्हा करा, कारण एकाच चाचणीवर विसंबता येत नाही. आकडा जास्त येत असेल तर ५० ग्रॅमवर या, किंवा सोबत सुकामेवा घेऊन काय होते ते पाहा.

एक चूक इथे फार जणांकडून होते. द्राक्षे हाताळलेल्या बोटावर साखरेचा चिकट थर राहतो, आणि त्याच बोटातून थेंब घेतला की मीटर भलताच मोठा आकडा दाखवतो. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी संत्रे, द्राक्षे आणि किवी सोलायला लावून हे तपासले होते: स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही आकडा चुकीचाच आला, वाहत्या पाण्याने हात धुतल्यावर बरोबर आला. त्या खोट्या आकड्यावर कुणी इन्सुलिन टोचले तर साखर खरोखरच धोक्याच्या खाली जाईल. म्हणून हात धुवा, पूर्ण कोरडे करा, मगच टोचा.

बेदाणे आणि मनुका चालतील का? भिजवल्यावर साखर कमी होते ना?

बेदाणा म्हणजे पाणी उडून गेलेले द्राक्ष. साधारण ४ किलो द्राक्षांतून १ किलो बेदाणा निघतो, साखर मात्र सगळी आतच राहते. १०० ग्रॅम बेदाण्यांत सुमारे ७९ ग्रॅम कर्बोदके असतात. १५ ग्रॅमचा हिस्सा दोन सपाट टेबलचमच्यांत, म्हणजे २० ग्रॅमच्या आसपास, संपतो. पूर्ण मूठ भरली तर त्याच्या दुप्पट होते.

भिजवल्याने थोडी साखर पाण्यात उतरते. ते पाणी प्यायलात तर हिशोब जिथल्या तिथे, आणि बहुतेक जण ते पाणी पितातच. टाकून दिले तरी बेदाण्यात भरपूर उरते. ‘काळी मनुका भिजवून घेतली की साखर वाढत नाही’ या समजुतीला आधार नाही. बद्धकोष्ठासाठी खायची असतील तर ८-१० मोजून खा आणि ती दिवसाच्या कर्बोदकांत धरा.

पाकीटबंद पदार्थांत आणखी एक खोच असते. काही सुकवलेल्या फळांवर साखरेचा किंवा चॉकलेटचा लेप असतो, काहींना तेल लावलेले असते. घटकांच्या यादीत नुसते ‘बेदाणे’ असेल तेच घ्या.

द्राक्षाचा रस, तोही घरी काढलेला आणि बिनसाखरेचा?

रोजच्या आहारात नको. १०० मिली बिनसाखरेच्या रसात साधारण १५ ग्रॅम साखर असते. २५० मिलीच्या ग्लासात ३७ ग्रॅमच्या आसपास. तेवढ्यासाठी २०० ग्रॅमहून जास्त द्राक्षे चावून खावी लागली असती, आणि त्यात दहा-पंधरा मिनिटे गेली असती. रस दोन मिनिटांत संपतो. घरी काढल्याने यात काही बदलत नाही. गाळला की सालीतले तंतूही जातात. ‘नो ॲडेड शुगर’ याचा अर्थ वरून साखर घातलेली नाही एवढाच. आतली साखर आहेच.

मग साखर खाली गेल्यावर रस घ्यावा का?

हो. रसाची खरी जागा हीच. साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली, माणूस शुद्धीवर आहे आणि नीट गिळू शकतो, अशा वेळी १०० मिली द्राक्षरस म्हणजे साधारण १५ ग्रॅम साखर. संत्र्याच्या रसापेक्षा द्राक्षरस गोड असल्याने मात्रा कमी लागते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढाच घ्या. साखर वर आल्यावर पुढचे जेवण लांब असेल तर काहीतरी खाऊन घ्या.

मधुमेहासाठी ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ही औषधे घरातल्या नेहमीच्या साखरेचे (सुक्रोजचे) पचन अडवतात, त्यामुळे साखरेचे पाणी किंवा गोळ्या-चॉकलेटे वेळेवर काम करत नाहीत. द्राक्षरसातले ग्लुकोज आधीच सुटे असते, त्यामुळे तो चालतो. तरी ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पावडर जवळ ठेवणे सगळ्यात खात्रीचे.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात रस, द्राक्ष, काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाईल.

मी कोलेस्टेरॉलची गोळी घेतो. द्राक्षे बंद करू का?

नाही. हा नावांचा घोटाळा आहे. सिम्व्हास्टॅटिन, ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर जे फळ टाळायला सांगतात ते ग्रेपफ्रूट, म्हणजे मोठ्या मोसंबीसारखे लिंबूवर्गीय फळ. आतड्यातल्या एका एन्झाइमला ते अडवते आणि रक्तात औषध वाजवीपेक्षा जास्त साठते. द्राक्षाशी त्याचे नाते फक्त इंग्रजी नावापुरते.

मूत्रपिंडावर परिणाम झाला आहे. द्राक्षे की बेदाणे?

द्राक्षे. १०० ग्रॅम द्राक्षांत पोटॅशियम १९० मिलिग्रॅमच्या आसपास, तर बेदाण्यांत साधारण ७५०. पोटॅशियमवर बंधन असलेल्यांना साखर खाली गेल्यावर संत्र्याऐवजी द्राक्षाचा किंवा सफरचंदाचा रस सुचवतात, तोही याच कारणाने. डायलिसिस चालू असेल तर रसातले पाणीही दिवसाच्या मोजमापात धरावे लागते.

द्राक्षाचे बाकी पदार्थ: व्हिनेगर, जॅम, काकवी, बियांचे तेल, पाने?

द्राक्षाची काकवी आणि जॅम म्हणजे जवळजवळ साखरच. आरोग्यदायी गोडवा म्हणून विकल्या जाणाऱ्या काकवीलाही हेच लागू. बियांच्या तेलात कर्बोदके नसतात, पण कोणत्याही तेलाप्रमाणे ग्रॅमला ९ कॅलरी. पाने निर्धोक, खारवलेली असतील तर मीठ धुऊन काढा. बियांच्या अर्काच्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर स्वतःहून सुरू करू नयेत.

व्हिनेगरबद्दल थोडे जास्त सांगण्यासारखे आहे. वाइनपासून बनलेल्या साध्या व्हिनेगरमध्ये साखर नगण्य असते, आणि पिष्टमय जेवणासोबत एक-दोन टेबलचमचे सॅलडवर घातले तर जेवणानंतरचा चढ थोडा कमी होतो, कारण जठर हळू रिकामे होते. याच कारणामुळे ज्यांचे जठर मधुमेहाने आधीच मंदावले आहे त्यांना ते बाधते: अन्न उशिरा पुढे सरकते, इन्सुलिन मात्र वेळेवर काम करते, आणि साखर खाली जाते. नुसते व्हिनेगर पिऊ नका. दातांचे एनॅमल झिजते. बाल्सामिकमध्ये द्राक्षाचा आटवलेला रस असतो, त्यामुळे त्यात साखर बरीच असते. एक चमचा ठीक, पण त्याला साधे व्हिनेगर समजू नका.

वाइनमध्ये साखर किती असते?

काही वाइनमध्ये जवळपास शून्य, काहींत सरबताइतकी. रस आंबताना यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल बनवते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की अल्कोहोल १ टक्क्याने वाढते. लिटरला २२० ग्रॅम साखरेचा रस पूर्ण आंबला तर १३ टक्क्यांची ड्राय वाइन मिळते आणि साखर जवळजवळ संपलेली असते. आंबणे मध्येच थांबवले किंवा वरून मद्यार्क ओतून यीस्ट मारले, तर उरलेली साखर वाइनमध्येच राहते. पोर्ट अशीच बनते: लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास साखर आणि १९-२० टक्के अल्कोहोल.

१५० मिलीच्या ग्लासात लिटरला ४ ग्रॅम साखरेच्या ड्राय वाइनमधून ०.६ ग्रॅम साखर येते. पोर्टचा तेवढाच ग्लास भरला तर १५ ग्रॅम, म्हणजे वर सांगितलेल्या १७ द्राक्षांइतकी. रंगावरून काहीच ठरत नाही. रेड गोड असू शकते, व्हाइट पूर्ण ड्राय असू शकते.

लेबलवरचे शब्द कसे वाचायचे?

युरोपीय नियमांत साध्या वाइनसाठी ‘ड्राय’ म्हणजे लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर. आम्ल पुरेसे असेल तर ९ पर्यंत. ‘मीडियम’ गटात ती ४५ च्या जवळ जाऊ शकते. ४५ आणि त्यापुढे ‘स्वीट’.

फसगत होते ती फेसाळ वाइनमध्ये. तिथे ‘ब्रूट नेचर’ ३ ग्रॅमच्या खाली, ‘एक्स्ट्रा ब्रूट’ ६ पर्यंत, ‘ब्रूट’ १२ च्या खाली. आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’? १२ ते १७. म्हणजे ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रूट’पेक्षा गोड! नुसती ‘ड्राय’ किंवा ‘सेक’ १७ ते ३२, ‘डेमी-सेक’ ३२ ते ५० आणि ‘दू’ त्याहूनही जास्त. फेसाळ वाइन घ्यायचीच तर ‘ब्रूट’ हा शब्द शोधा. सांग्रिया, मसाला घालून गरम केलेली वाइन आणि बाटलीबंद वाइन-कूलर यांत साखर किंवा रस वरून घातलेला असतो.

साखरच नाही तर ड्राय वाइनचा धोका कसला?

या पानावरचे सगळ्यात महत्त्वाचे उत्तर हे आहे.

जेवणांच्या मधल्या वेळेत आणि रात्रभर रक्तातली साखर यकृत सांभाळते. ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर ते थोडी थोडी सोडते आणि साठा आटू लागला की लॅक्टेट, अमिनो आम्ले वगैरेंपासून नवी साखर बनवते. अल्कोहोल आले की यकृत आधी ते मोडायला घेते. त्या कामात पेशीतला एनएडी नावाचा सहघटक अडकून पडतो आणि नवी साखर बनवण्याचे काम ठप्प होते. साठा भरलेला असेल तर वेळ निभावते. जेवण झालेले नसेल, दिवसभर कमी खाल्ले असेल किंवा संध्याकाळी बराच व्यायाम झाला असेल, तर साठा कमी आणि नवी निर्मिती बंद. त्यात शरीरात इन्सुलिन किंवा इन्सुलिन वाढवणारी गोळी काम करत असली की साखर घसरत जाते.

हे लगेच होत नाही. २००१ मध्ये टाइप १ मधुमेह असलेल्या सहा पुरुषांवरच्या एका छोट्या प्रयोगात रात्री वाइन दिली होती. साखर खाली गेली ती दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर, सहापैकी पाच जणांची. नुसते पाणी प्यायले त्या वेळी एकाचीही नाही. म्हणून ‘वाइननंतर तासाभराने बघितली, ठीक होती’ यावर निश्चिंत होता येत नाही. परिणाम २४ तासांपर्यंत रेंगाळू शकतो.

शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल मोडते. १२ टक्क्यांच्या १५० मिली ग्लासात १४ ग्रॅम असते. दोन ग्लास म्हणजे यकृत तीन-चार तास गुंतलेले. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

कोणत्या औषधांबरोबर जास्त जपायचे?

इन्सुलिन आणि सल्फोनिलयुरिया गटातली औषधे (ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड) सगळ्यात वर. साखर खाली जाण्याचा धोका मुख्यतः यांच्यामुळे. ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम लांबतो, त्यामुळे त्याच्यासोबत जास्तच.

मेटफॉर्मिन एकट्याने साखर फार खाली नेत नाही, पण एका बैठकीत भरपूर दारू आणि मेटफॉर्मिन हे रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचे कारण ठरू शकते. मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असेल तर धोका वाढतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्यांवर जास्त मद्यपान आणि उपास एकत्र आले तर साखर फार वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस (रक्तात कीटोन नावाची आम्ले धोकादायक प्रमाणात साठणे) होऊ शकतो. मळमळ, पोटदुखी, धाप लागणे अशी लक्षणे दिसली तर ‘हँगओव्हर असेल’ म्हणून झोपून राहू नका; कीटोन तपासा आणि रुग्णालय गाठा.

मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचे औषध चालू असताना आणि ते संपल्यावर निदान तीन दिवस वाइनला हात नको. औषधे बदलली असतील तर हा प्रश्न डॉक्टरांना नव्याने विचारा.

प्यायचीच असेल तर कशी?

डॉक्टरांनी हरकत घेतलेली नसेल, तर बऱ्याच मार्गदर्शक सूचनांतली मर्यादा स्त्रियांना दिवसाला एक आणि पुरुषांना दोन पेय अशी आहे. एक पेय म्हणजे १२ टक्क्यांची १५० मिली. ही कमाल आहे, रोजचा कोटा नव्हे. आठवडाभर राखून शनिवारी सगळे एकदम संपवणे तर सगळ्यात वाईट.

आधी साखर बघा. १०० च्या खाली असेल तर प्रथम खा. वाइन जेवणाबरोबरच घ्या, आणि त्या जेवणात कर्बोदके असू द्या. ‘आज वाइन आहे म्हणून भात-ब्रेड सोडला’ हा काटकसरीचा विचार इथे उलटतो. एकदा मापाने १५० मिली ओतून तुमच्या ग्लासात ती कुठवर येते ते पाहून ठेवा, कारण मोठ्या ग्लासात ‘थोडीशी’ म्हणून सहज २५० मिली जाते. बाटली १५ टक्क्यांची असेल तर १२० मिलीतच एक पेय होते. मध्ये मध्ये पाणी प्या.

ड्राय वाइनसाठी वेगळे इन्सुलिन घेऊ नका. गोड वाइनच्या साखरेसाठी घ्यायचे का, किती, हे आधीच डॉक्टरांशी ठरवून ठेवा. दोन ग्लास झाल्यावर तो हिशोब करायचा नसतो.

झोपण्याआधी पुन्हा बघा. १०० ते १४० च्या दरम्यान असेल तर ठीक. त्याखाली असेल तर कर्बोदके आणि थोडी प्रथिने असलेले काहीतरी खाऊन झोपा. साखर सतत मोजणारा सेन्सर वापरत असाल तर कमी साखरेचा अलार्म चालू ठेवा आणि फोन सायलेंटवर टाकू नका. सकाळी गजर लावून उठा, तपासा, न्याहारी करा. जास्त झोप काढण्याचा मोह नेमका इथेच महागात पडतो.

सोबतच्या माणसांना काय सांगून ठेवावे?

साखर खाली गेलेला माणूस आणि प्यायलेला माणूस दिसायला सारखेच: जीभ जड, पाय लटपटणारे, चिडचिड, घाम, मग गुंगी. तोंडाला वाइनचा वास असला की लोक ‘चढली आहे, झोपू द्या’ म्हणतात. त्यांना आधीच सांगा की मला मधुमेह आहे, असे दिसले तर साखर तपासा आणि शुद्धीवर असेन तर रस द्या. मधुमेहाचे कार्ड किंवा कडे अंगावर असू द्या.

साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉन या संप्रेरकाचे इंजेक्शन जवळ असले तरी त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये. ते यकृतातले ग्लायकोजेन मोकळे करून काम करते, आणि साठाच कमी असेल तर नेहमीइतका उपयोग होत नाही. बेशुद्ध माणसासाठी रुग्णवाहिका लगेच बोलवावी.

रेड वाइन हृदयाला आणि साखरेला चांगली असते ना?

या प्रश्नामागे बहुधा रेस्व्हेराट्रॉल असते. ते द्राक्षाच्या सालीत असते, रेड वाइनमध्येही येते, पण लिटरला काही मिलिग्रॅमच. प्रयोगांत गोळ्यांमधून दिवसाला १५० मिलिग्रॅम आणि त्याहून कितीतरी जास्त दिले गेले आहे. लिटरला २ मिलिग्रॅम धरले तर तेवढ्यासाठी रोज ७५ लिटर वाइन लागेल.

याहून गंभीरपणे घेण्यासारखा प्रयोग म्हणजे इस्रायलमध्ये झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला कॅस्केड. टाइप २ मधुमेह असलेल्या, आधी न पिणाऱ्या २२४ जणांना दोन वर्षे रात्रीच्या जेवणाबरोबर १५० मिली रेड वाइन, व्हाइट वाइन किंवा मिनरल वॉटर दिले; सर्वांचा आहार भूमध्यसागरी पद्धतीचा. रेड वाइनच्या गटात एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, थोडे वाढले. साखरेच्या बाबतीत फायदा दिसला तो ज्यांच्या शरीरात अल्कोहोल हळू मोडते अशांमध्ये. जलद मोडणाऱ्यांना तो मिळाला नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे जनुकीय चाचणीशिवाय कळत नाही.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. अल्कोहोल १९८८ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसांत कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले की मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित नाही. म्हणून जो पीत नाही त्याने मधुमेहासाठी वाइन सुरू करण्याचे काही कारण नाही. सालीतले जे काही चांगले आहे ते वाटीभर काळ्या द्राक्षांतही मिळते.

वाइनने वजन वाढते का?

वाढू शकते. अल्कोहोलच्या ग्रॅममागे ७ कॅलरी. १५० मिली ड्राय वाइनमध्ये साधारण १२०-१२५ कॅलरी, त्यातल्या जवळपास १०० नुसत्या अल्कोहोलच्या. रोज एक ग्लास म्हणजे आठवड्याला ८५० च्या आसपास.

अल्कोहोल काढलेली वाइन चालेल?

यकृताचा प्रश्न सुटतो, साखरेचा सुटेलच असे नाही. अल्कोहोल काढल्यावर चव पातळ होते, ती भरून काढायला अनेकदा द्राक्षरस किंवा साखर घालतात. मागचे लेबल वाचा: १०० मिलीमागे साखर किती? ५-६ ग्रॅम असेल तर ग्लास रसाच्या दिशेने झुकला आहे.

स्वयंपाकात घातलेली वाइन उडून जाते का?

पूर्ण नाही. शिजवताना १५ मिनिटांनी सुमारे ४० टक्के, अर्ध्या तासाने ३५, एका तासाने २५ आणि अडीच तासांनी ५ टक्के अल्कोहोल उरते. चौघांच्या पदार्थात १०० मिली ड्राय वाइन घालून तासभर शिजवली तर वाट्याला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास येते. साखरेच्या दृष्टीने दखल घेण्याजोगे नाही. मात्र मार्साला किंवा पोर्टसारखी गोड वाइन आटवून केलेल्या सॉसमध्ये साखर घट्ट होत जाते.

वाइन कुणी अजिबात घेऊ नये?

गरोदर स्त्रिया, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेले, यकृताचा आजार असलेले, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) ५०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असलेले, मद्याचे व्यसन असलेले किंवा त्यातून बाहेर पडलेले, आणि साखर खाली गेल्याची लक्षणे ज्यांना जाणवतच नाहीत असे. पायांत मुंग्या, आग किंवा बधिरपणा असेल तरी नकोच. मधुमेह आणि अल्कोहोल दोन्ही नसांवर घाव घालतात. गाडी चालवायची असेल तर एकही घोट नाही.

वाइननंतर झोपताना साखर २२० दिसली. थोडे इन्सुलिन घेऊन झोपू का?

नेहमीच्या सवयीने घेऊ नका. हा आकडा जेवणाचा असतो, तो पुढच्या दोन-तीन तासांत स्वतःच उतरणार असतो, आणि त्याच वेळी यकृताने हात आखडलेला असतो. आधीच्या इन्सुलिनचा परिणाम संपलेला आहे का ते बघा. हात धुऊन पुन्हा मोजा. पाणी प्या, दोन तासांचा गजर लावा आणि मग परत तपासा. टाइप १ असेल किंवा डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर कीटोनही बघा. ते वाढलेले असतील किंवा उलट्या होत असतील तर सकाळची वाट न पाहता रात्रीच डॉक्टरांना फोन करा.